अर्ध्या डोसावर जगलेला

मी संध्याच्या पोटातला एक जंतू बोलतोय. ऐकूनच तोंड वाकडं करू नका. तिचं मोठं आतडं हे माझं जन्मघर. तिनं खाल्लेल्या भाकरीतलं उरलंसुरलं आम्ही खातो, बदल्यात तिला थोडं जीवनसत्त्व करून देतो आणि बाहेरच्या दांडग्या जंतूंना तिथं पाय रोवू देत नाही. असा आमचा बरा संसार चालला होता.

आमच्यात लग्नकार्य नसतं. पोट भरलं की एकाचे दोन, दोनाचे चार. पण नक्कल उतरवताना चुका होतातच, त्यामुळे सगळे सारखे निपजत नाहीत. कुणी दुबळा, कुणी चिवट. माझ्या वाट्याला अंगभर बारीक आकडे आले. त्यांनी मी कुठंही चिकटतो. मी ते मागितले नव्हते.

संध्या हर्सूलहून औरंगपुऱ्यात कामाला येते. दिवसभर दुकानात उभी राहून ब्लाउजपीस दाखवते. दुकानात बायकांसाठी संडास नाही. म्हणून तिथल्या बायकांनी आपापसात रीतच पाडलीय, घर सोडल्यावर पाणी प्यायचं नाही. गिऱ्हाइकाला गार पाणी द्यायचं, आपण नुसते ओठ ओले करायचे आणि लघवी घरी जाईपर्यंत दाबून धरायची. एरवी माझ्यासारखा वाट चुकून लघवीच्या वाटेला लागलेला जंतू त्या धारेबरोबर वाहून जातो. इथं धारच नव्हती. चिकटत चिकटत मी मूत्राशयात चढलो, तिथं वाढलो, आणि तिला जळजळ सुरू झाली.

असलं दुखणं डॉक्टरला सांगायची तिला लाज वाटली. मग सासूनं, पारूबाईनं, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. घरात कुणी आजारी पडलं की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जातात. कुणाच्या दाढेच्या, कुणाच्या खोकल्याच्या. संध्यानं दोन दिवस घेतल्या आणि तिला बरं वाटलं.

"ऱ्हायलेल्या ठेव डब्यात," पारूबाई म्हणाली. "औषध टाकून द्यायचं नसतंय."

तिच्या बोलण्यात मायाच होती. पण त्या दोन दिवसांत आमच्यातले दुबळे तेवढे मेले, चिवट मागं राहिले. पुन्हा जळजळ, पुन्हा डबा. असं किती वेळा झालं कोण जाणे. मधेच एका शेजारी जंतूनं मला आत आलेलं औषध बाहेर ढकलायची युक्ती दिली. आमच्यात असलं उसनंपासनं चालतं. मी ती घेतली, कारण न घेणं मला जमतच नाही.

शेवटी आम्ही मूत्रपिंडात शिरलो, तिथून रक्तात. संध्या हुडहुडी भरून दुकानातच कोसळली. दवाखान्यात माझी तपासणी झाली. डॉक्टरांनी माझ्यावर एकेक औषध घालून पाहिलं आणि बहुतेकांना मी दाद दिली नाही. कसला अभिमान? ती गेली तर मी कुठं राहणार? एकच औषध लागू पडणारं निघालं. ते सलाईनमधून आलं आणि आमच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

ताप उतरला तशी संध्या पिशवी भरायला लागली. आफरीन नावाच्या नर्सनं तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं.

"ताई, इंजेक्शनं अजून बाकी हैत. आता गेलात तर पुन्हा याल, अन् तवा हे औषध बी चालायचं नाय."

संध्यानं पिशवी जवळ ओढली. "मालक दुसरी बाई बघायला लागलाय, सिस्टर. माझी जागा गेली तर घरात खायाचं काय?"

आफरीननं तिच्या हातातली सलाईनची सुई काढली आणि कापूस दाबून धरला.

आता संध्या दवाखान्याचा जिना उतरतेय. तिच्या उजव्या मूत्रपिंडाच्या एका कोपऱ्यात आम्ही मोजकेच उरलोय, सगळ्यांत चिवट. बाई, मागं फीर, मला पुरतं मारून मग जा, असं मला जीव तोडून सांगायचंय. पण मला तोंड नाही आणि थांबणं माझ्या हातात नाही. ती रिक्षावाल्याला औरंगपुरा म्हणाली. दुकान येईपर्यंत माझे दोन झालेले असतील.