घरचीच जास्वंद

मित्रांनो, मी एक जुनी जास्वंद आहे. जुनी म्हणजे सात वर्षांची. तुमच्या अंगणात वीस-वीस वर्षे फुलणाऱ्या जास्वंदी असतील, त्यांना हे ऐकून हसू येईल. पण कतारमध्ये, अल अझीझियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कुंडीत राहून सात उन्हाळे काढले म्हणजे झाड म्हातारेच म्हणायचे.

माझा जन्म अल रुवैसचा. समुद्राकाठच्या एका घराच्या कुंपणाला माझी आई होती. त्या घरात माझ्या मालकिणीची, नजमाची, थोरली जाऊ सायरा राहायची. एका शुक्रवारी नजमा तिच्याकडे जेवायला आली आणि कुंपणापाशीच थबकली. "भाबी, म्हसळ्याला आमच्या विहिरीजवळ अश्शीच होती गो," ती म्हणाली. सायराने कात्री आणली, एक फांदी कापली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. ती फांदी म्हणजे मी. शंभरेक किलोमीटरचा रस्ता मी नजमाच्या मांडीवर केला.

दह्याच्या रिकाम्या बादलीत तिने मला लावले. बाहेर ऊन असे की बाल्कनीचा कठडा हाताला चटका देई. नजमा दिवसातून तीनदा बादली सरकवायची, सावली जाईल तिकडे मला न्यायची. माझे पहिले फूल उमलले तेव्हा तिने त्याचा फोटो कोकणात म्हसळ्याला आईला पाठवला, सायराला पाठवला, इमारतीतल्या बायकांना दाखवला. पुढे चांगली मातीची कुंडी आली. दिवसभर घरात बोलायला कोणी नसायचे. अबूबकर, तिचा नवरा, पहाटेच अल रय्यानच्या गोदामात कामाला जायचा. लेक अलीजा शाळेत. घरी आली तरी आई मराठीत विचारायची आणि लेक इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. मग नजमा माझ्याशी बोलायची. माझी पाने पुसत ती काय काय सांगायची! मला वाटते, त्या घरात सगळ्यांत जास्त मराठी मीच ऐकली असेल.

गेल्या नोव्हेंबरात मी आजारी पडले. माझ्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके चढले. पिठ्या ढेकूण म्हणतात त्यांना. ते माझा रस पीत आणि माझ्या कळ्या पिवळ्या पडून गळत. नजमाने साबणाचे पाणी मारले, कापसाने एकेक कीड टिपली, काही उपयोग झाला नाही. शेवटी दुकानातून तिने एक पाकीट आणले. त्यात निळसर दाणे होते. ते तिने मातीत मिसळले आणि पाणी घातले. डिसेंबरात पुन्हा एकदा घातले. ते दाणे विरघळून माझ्या मुळांतून वर आले, प्रत्येक पानात गेले. किडे रस प्यायचे आणि हळूहळू त्यांचे पाय सुटायचे. एक एक करून सगळे गळून पडले. मी वाचले. नजमाने पाकिटाला रबर लावून ते सिंकखाली ठेवून दिले आणि विसरून गेली. माझ्या जिवासाठी तिने केले होते ते. त्यात तिचे काय चुकले?

जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या आसावरीच्या वडिलांची नोकरी गेली आणि ते कुटुंब पुण्याला परत निघाले. आसावरी म्हणजे अलीजाच्या वर्गातली मैत्रीण. तिचा एक रंग बदलणारा सरडा होता, डोक्यावर उंच तुरा असलेला, शॅमेलिऑन म्हणतात तो. विमानातून त्याला नेणे जमेना. जाताना तिने तो जाळीच्या पिंजऱ्यासकट अलीजाला दिला. अलीजाने त्याचे नाव ठेवले झैतून, म्हणजे ऑलिव्ह, कारण शांत असला की तो त्या फळासारखाच हिरवा दिसे.

नजमाला पहिल्या दिवशी त्याची किळस आली. पण मित्रांनो, त्या सरड्याने एक चमत्कार केला. अलीजा बोलू लागली! "मम्मी, बघ, त्याचा एक डोळा तुझ्याकडे आहे आणि एक माझ्याकडे." "मम्मी, तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो." मराठीत! अडखळत, चुकत, पण पूर्ण वाक्यांत. शाळेतून आली की ती आधी पिंजऱ्यापाशी आणि मग स्वयंपाकघरात आईकडे धावायची. नजमाने दोनच दिवसांत सरड्याला "बाळा" म्हणायला सुरुवात केली.

पिंजऱ्यात प्लास्टिकची पाने होती. झैतून ती चावू लागला. प्लास्टिक पोटात गेले तर तो मरेल, खरी झाडेच हवीत, असे अलीजाने कुठेसे वाचले. तिने वहीत यादी केली. एका बाजूला 'चालेल', दुसऱ्या बाजूला 'नको'. कण्हेर 'नको' मध्ये, तिच्याखाली दोन रेघा. जाडजूड पानांचा डिफेनबेकिया 'नको'. 'चालेल' मध्ये सगळ्यांत वर जास्वंद. हे सरडे जास्वंदीची पाने आणि फुले आवडीने खातात, असे तिने कंसात लिहिले होते.

मायलेकी रोपवाटिकेत गेल्या. तिथल्या माणसाला अलीजाने विचारले, "इस पे दवाई मारा है क्या?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "बेबी, इधर तो सब पे मारते हैं. कीड़ा लगेगा ना." अलीजाने हातातले रोप खाली ठेवले. दोघी रिकाम्या हातांनी परत आल्या. घरात शिरता शिरता नजमा म्हणाली, "अगो, बाहेरचा कशाला हवाय? आपली घरची जास्वंद हाय की!"

आणि मला बाल्कनीतून आत आणले गेले. त्या दोघींनी माझी पाने वरून आणि खालून साध्या पाण्याने तीनदा धुतली. झैतूनने माती खाऊ नये म्हणून मातीवर मोठे गोटे रचले आणि मला पिंजऱ्यात ठेवले. सगळे अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे केले. माझी पाने आतून मात्र कोण धुणार होते?

मी तेव्हा काहीच जाणत नव्हते. उलट माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. झैतूनचे पाय चिमट्यासारखे होते. तो माझी फांदी धरायचा तेव्हा त्याच्या छातीतली धडधड मला जाणवायची. अलीजा फवारा मारायची, तो माझ्या पानांवरून थेंब टिपायचा. मग त्याने माझ्या पानाची कड खाऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी अर्धे पान. अलीजा टाळ्या वाजवत ओरडली, "मम्मी, त्याने खाल्लं! आपलं झाड खाल्लं!" मित्रांनो, मला केवढा अभिमान वाटला! मी त्याच्या तोंडाशी येतील अशी कोवळी पाने भराभर फोडू लागले.

तीन आठवड्यांनी त्याचा हिरवा रंग मळकट झाला. डोळे आत गेले. तो जिभेने किडा धरू पाही आणि जीभ अर्ध्यातच पडे. मग एका दुपारी माझ्या फांदीवर त्याचा मागचा पाय थरथरला आणि सुटला. तो थरथरणारा, सुटणारा पाय मी ओळखला. पांढऱ्या किड्यांचे पाय असेच सुटले होते. त्या क्षणी मला सगळे कळले. पण कळून काय उपयोग? झाडाला पाने असतात, तोंड नसते. मी फक्त एक करू शकले. खाली लोंबणारी चार पाने गाळून टाकली.

नजमाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारले, "प्लांट पे कोई दवाई तो नहीं डाली?"

"नहीं डॉक्टर," नजमा म्हणाली, "घर का ही पौधा है." तिने खोटे सांगितले नाही. तिला आठवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दवाखान्यात नेले. संध्याकाळी खोके परत आले तेव्हा अबूबकरने ते छातीशी धरले होते आणि अलीजा त्याच्या मागून येत होती. इमारतीमागच्या रिकाम्या जागेत त्यांनी त्याला पुरले.

त्यानंतर अलीजाने वहीत नवी यादी सुरू केली. स्वतःच्या चुकांची. एसी फार थंड ठेवला. एकदा फवारा मारायला विसरले. त्याला हातात घेतले. "मम्मी, माझ्यामुळे मेला ना तो?" ती रोज विचारायची. "नाय गो बाय, तुझा काय चुकला नाय," नजमा म्हणायची, पण मग कशाने मेला, हे तिलाही सांगता येत नव्हते.

आठवडाभराने सिंकखालची नळी गळू लागली. नजमाने आतले सामान बाहेर काढले आणि रबर लावलेले ते पाकीट तिच्या हातात आले. ती ओल्या फरशीवरच बसली. पाकीट उघडले, बंद केले. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, सात वर्षांत तिने माझ्याकडे तसे कधी पाहिले नव्हते.

रात्री तिने सांगितले तेव्हा अबूबकर म्हणाला, "पोरीला सांगू नको. जो झाला तो झाला, खलास. ती विसरेल."

नजमाने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी अलीजाने आपल्या चुकांच्या यादीत अकरावी चूक लिहिली. ते पाहून नजमा तिच्या शेजारी बसली आणि सगळे सांगितले. दाणे, नोव्हेंबर, डिसेंबर, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न. "माझ्या हातून झाला, बाय. तुझ्या हातून नाय," ती म्हणाली.

अलीजाने वही मिटली.

"इट्स ओके, मम्मी," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

तेव्हापासून त्या घरात पुन्हा इंग्रजी आहे. एका शब्दाची. नजमाने त्या संध्याकाळी मला बाल्कनीत आणून ठेवले. ती पाणी घालते, कधी चुकत नाही. पण माझी पाने पुसत नाही आणि माझ्याशी बोलत नाही.

आता जून आहे. उद्या ते दोन महिन्यांसाठी म्हसळ्याला जाणार आहेत. बॅगा दाराशी आल्या आहेत. इतक्या उन्हात बिनपाण्याची कुंडी आठ दिवसही टिकत नाही. नजमाने दर वर्षीप्रमाणे शेजारच्या मालविकाबाईंकडे किल्ली दिलेली नाही. ती विसरली, की विसरली नाही, हे मी स्वतःला विचारत नाही.

मघाशी अलीजा बाल्कनीत आली होती. माझ्यावर एक कळी आहे. तिने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

"मम्मी, इज इट स्टिल देअर? इन द लीव्ह्ज?"

दारात उभी असलेली नजमा म्हणाली, "माहीत नाय, बाय."

अलीजाने हात मागे घेतला.

मित्रांनो, मुक्या जिवाच्या घरात झाड ठेवाल तेव्हा नुसते त्याचे नाव यादीत शोधू नका. त्याच्या मुळाशी कोणी काय घातले होते, ते विचारा. पाने धुऊन भागत नाही. माती बदला, महिनोन्‌महिने थांबा आणि ज्या झाडाबद्दल कुणालाच नीट आठवत नसेल ते झाड आत नेऊच नका, मग ते घरचे का असेना. मला विचारून उपयोग नाही. ते विष अजून माझ्यात आहे की गेले, हे माझे मलाही कळत नाही.