पहिला थेंब

“तिसऱ्यांदा आलोय ताई. तुमचं मशीन ठणठणीत आहे,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला.

“मग आठ कसं दाखवतंय?” ताईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. “माझं हिमोग्लोबिन साडेबारा असतं. आज एकवीस वर्षं.”

दवाखान्याची लॅब ताई सांभाळत आणि तिथे त्यांनी स्वतःच पाडलेला रिवाज होता. सकाळी पहिला थेंब आपल्या रक्ताचा घालायचा, साडेबारा आलं की मशीन बरोबर. त्यासाठी कंपनीची, आकडा आधीच ठरलेल्या रक्ताची वेगळी बाटली मिळायची, पण ती फ्रीजमध्ये पडून असे. ताईंचा भरवसा स्वतःच्या रक्तावर. चार महिन्यांत आकडा अकरावर आला, दहावर आला, तेव्हा त्यांनी मशीनला बोल लावले. जिना चढताना धाप लागली तेव्हा जिन्याला. पायऱ्याच मेल्या उंच बांधल्यात, म्हणाल्या. घरात सासूबाईंच्या गोळ्या, नवऱ्याचं पथ्य, मुलीच्या बाळंतपणाच्या तारखा सगळं तोंडपाठ. स्वतःचं जेवण मात्र ओट्यापाशी, उभ्या उभ्या, उरलंसुरलं.

मेकॅनिकने कंपनीची बाटली काढली आणि तिच्यातला थेंब मशीनला दिला. लेबलावर छापलेला आकडा तंतोतंत पडद्यावर उमटला.

“बघा,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही वरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्या.”

ताईंना त्याचा राग आला. मग भीती वाटली. मग नुसतंच रडू आलं, तेही त्यांनी नाक शिंकरून निभावलं.

खाली दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईने ताईंसाठी नवा केसपेपर ओढला. “तक्रार काय लिहू?”

‘काही नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. “बाहेर माणसं खोळंबलीत, आधी त्यांना घे.”

“त्यांचं मी बघते. तुम्ही सांगा.”

हा प्रश्न ताईंनी हजारोंना विचारला असेल. त्यांना कुणी विचारल्याचं आठवेना.

“थकते गं,” त्या म्हणाल्या. “फार थकते. तसंच लिही.”

बाईने तसंच लिहिलं. “डॉक्टरीणबाई तुम्हाला लगेच आत घेतील. उभ्या उभ्या दाखवून या.”

“नको. नंबर दे.”

सातवा नंबर मिळाला. वरच्या मजल्यावर बाक भरलेला होता. एका आजोबांनी मांडीजवळची पिशवी उचलून जागा केली. एरवी ताई ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असत्या. त्या बसल्या.