‘च’ कोणाचा?

अबोलीच्या पोटात जे दुखत होतं, त्यावर बालाघाटातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं. त्या दुखण्याचं नाव होतं वल्लरी, आणि ती तिची सख्खी भावजय होती.

तसं पाहिलं तर त्या पोरीचा गुन्हा काय? काही नाही. दोन वर्षांपूर्वी केदारशी लग्न होऊन ती कटंगीहून या घरात आली. बी. फार्म. झालेली, हसरी, सासूसासऱ्यांशी चार दिवसांत घरची लेक असल्यासारखी बोलायला लागलेली. नणंदेला ‘ताई, ताई’ करत मागं मागं फिरायची. आता असल्या वहिनीवर राग धरायचा म्हणजे माणसाला कारणसुद्धा सापडत नाही, आणि कारण सापडत नाही म्हणून राग आणखीच वाढतो. अबोलीचं तसंच झालं होतं.

अबोली चौतीस वर्षांची. रसायनशास्त्रात एमएस्सी, कॉलेजात अतिथी शिक्षक. अतिथी म्हणजे काय, तर दरवर्षी नव्यानं बोलावणं येतं की नाही याची वाट पाहायची. या पाहुणचाराला ती कंटाळली होती. म्हणून तिनं पेटंट एजंटची परीक्षा मनावर घेतली. कोणी काही नवीन शोधून काढलं, तर त्यावर त्याचा हक्क बांधून ठेवणारा कागद जो लिहून देतो, तो पेटंट एजंट. वकिलीची डिग्री लागत नाही, विज्ञानाची लागते, आणि ही परीक्षा पास व्हावी लागते. अबोली दोनदा बसली, दोनदा आपटली. समोरच्या कमलाकाकूंना तर ती कशात आपटली तेही शेवटपर्यंत समजलं नाही. “एजंट झाली का वं? मंग मले एक पॉलिसी काढून दे,” असं त्या दर भेटीत म्हणायच्या. अबोली दात ओठ खाऊन हसायची.

तिसऱ्या वेळी तिनं ठरवलं की कोणीतरी प्रश्न विचारायला पाहिजे. आई, आशालताबाई, चष्म्याशिवाय वाचू शकत नव्हत्या आणि चष्मा लावला की झोपत होत्या. केदारला बँकेतून यायला सात वाजायचे. राहिली वल्लरी. ती पोळ्या लाटता लाटता पुस्तक डब्याला टेकवून ठेवायची आणि विचारायची, “ताई, कलम तीनप्रमाणे कशाकशाचं पेटंट मिळत नाही?” अबोली भाजी चिरता चिरता उत्तरं द्यायची. चार महिने हे छान चाललं. पाचव्या महिन्यात काय झालं, तर अबोली आठवत बसली की वल्लरीच हळूच उत्तर सांगायला लागली. पुस्तकात न पाहता!

एका संध्याकाळी अबोली एका जागी अडून बसली. हक्काचा कागद लिहिताना दोन शब्द येतात, कम्प्रायझिंग आणि कन्सिस्टिंग. दोन्हीचा अर्थ वरवर एकच, ‘यात अमुक अमुक आहे’. पण एकानं दार उघडं राहतं आणि दुसऱ्यानं बंद होतं, आणि चुकीचं दार लावलं तर अख्खा हक्क पाण्यात. तीन वर्षं झाली, अबोली हे इंग्रजीतून घोकत होती आणि ऐनवेळी उलटंच करत होती.

वल्लरीनं पोळी तव्यावर टाकली. “त्यात काय ताई! ‘भाजी-पोळी आहे’ म्हटलं, तर वरणही असू शकते, लोणचंही असू शकते. ते कम्प्रायझिंग. ‘भाजी-पोळीच आहे’ म्हटलं, की आटोपलं. ते कन्सिस्टिंग. कन्सिस्टिंगले ‘च’ लावायचा, बस.”

अबोली हसली. “परीक्षा काय स्वयंपाकघरात होते का तुझ्या?” असं म्हणाली. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीन वर्षं! आणि या कालच्या पोरीनं एका अक्षरात मोकळं केलं. आणि त्या दिवसानंतर अबोली ते कधी विसरली नाही, हे तर आणखीच झोंबणारं.

मग केदारनं आगीत तेल ओतलं. “तुले एवढं येते तर तूही फॉर्म भर ना,” तो बायकोला म्हणाला. वल्लरीनं आधी अबोलीकडं पाहिलं. “ताई, भरू का?” आता यावर माणूस ‘नको’ कसं म्हणेल? अबोली म्हणाली, “भर की. मले काहून विचारतं?”

खरी काडी लावली ती बाबांनी. गुणाकरराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, घरातला शब्द त्यांचा. रस्त्याकडची समोरची खोली त्यांनी अबोलीला कबूल केली होती. तिथं टेबल, दोन खुर्च्या, बाहेर पाटी. “पास हो, खोली तुझी,” असं ते दोन वर्षं म्हणत आले होते. त्या खोलीत बसायचं, स्वतःचं काम करायचं, कोणाच्या बोलावण्याची वाट पाहायची नाही, एवढ्या एका चित्रावर अबोलीनं दोनदा नापास होणं पचवलं होतं. आणि वल्लरीचा फॉर्म भरून झाला त्या दिवशी बाबा चहा पिता पिता म्हणाले, “आता जी पास होईल, तिची खोली.”

जी! ‘तू’ची ‘जी’ झाली एका कपात. अबोलीनं तो चहा अर्धा टाकून दिला.

परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. आदल्या दिवशी दोघी पुष्पलतामावशीकडं उतरल्या. सकाळचा पेपर पर्यायांचा. दुपारचा लिहायचा, म्हणजे एक शोध दिलेला असतो आणि त्याचा हक्क शब्दांत बांधून द्यायचा असतो. सकाळचा पेपर सुटला आणि दोघी केंद्राच्या आवारात कडुनिंबाखाली डबा उघडून बसल्या. आजूबाजूला शंभर-दीडशे पोरंपोरी, सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘बत्तीसचं काय लिहिलं, बत्तीसचं काय लिहिलं’.

वल्लरीनं प्रश्नपत्रिका उघडली आणि दोघी ताडून पाहू लागल्या. पहिले दहा दोघींचे सारखे. मग अबोलीचा एक चुकला. मग आणखी एक. मुदतीचा प्रश्न होता, महिने मोजायचे, त्यात अबोलीनं सुरुवातच चुकीच्या तारखेपासून केली होती. वल्लरी बोट ठेवून सांगत होती, अगदी अजिजीनं, जसं काही चूक तिचीच होती. “बाकी सगळं बरोबर आहे ताई, पास व्हाल तुम्ही.” पास व्हाल! वल्लरीचे चुकलेले सगळे मिळून चार होते.

डबा झाकताना वल्लरीचा हात थांबला. ती एकदम पांढरी पडली. “ताई, माझ्या डोक्यात सगळं कालवून गेलं हो. ‘च’ कोणाचा? कम्प्रायझिंगचा का कन्सिस्टिंगचा?”

अबोलीनं तिच्याकडं पाहिलं. स्वतः शोधून काढलेली गोष्ट ती विसरली होती आणि ती तिलाच विचारत होती. उत्तर अबोलीच्या ओठावर होतं. मध्येच डोळ्यांपुढं ती रस्त्याकडची खोली आली, बाहेरची पाटी आली, आणि पाटीवर नाव दुसरंच होतं.

“कम्प्रायझिंगचा,” अबोली म्हणाली.

“कम्प्रायझिंग म्हणजे बंद?”

“हौ. बंद.”

वल्लरीनं दोनदा मान हलवली. थोड्या वेळानं घंटा झाली. दोघी आपापल्या वर्गात गेल्या.

आता खोटं सांगून माणसाला सुख लागतं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण अबोलीला लागलं नाही. दुपारच्या पेपरात धान वाळवायच्या घडीच्या चौकटीचा शोध आला होता. लोखंडी चौकट, खाली जाळी, बाजूला बिजागऱ्या. अबोलीनं कम्प्रायझिंग लिहिलं, उघडं दार, अगदी बरोबर. दोन मजले वर ती पोरगी या क्षणी काय लिहीत असेल, हाच विचार. मध्येच वाटलं उठावं, जावं, ओरडून सांगावं. मग वाटलं, जाऊ दे, तिले नवरा आहे, घर आहे, सगळ्यांचे लाड आहेत, एक परीक्षा गेली तर काय बिघडते? असं तीन तास चाललं.

संध्याकाळी मावशीकडं पाहुण्यांची गर्दी, पेपरचा विषय निघाला नाही. अबोलीनंही काढला नाही. वल्लरी मात्र जेवली नाही. डोकं दुखतं म्हणून लवकर आडवी झाली. अबोलीनं तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आपली आपल्यालाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला गाडी बदलून दोघी बालाघाटच्या गाडीत बसल्या. डब्यात मोजकीच माणसं. बिरसोला स्टेशन मागं गेलं तरी वल्लरी खिडकीबाहेरच पाहत होती. मग एकदम वळली, आणि तिचे डोळे भरलेले होते.

“ताई, मी एक पाप केलं.”

“काय झालं?”

“काल तुम्ही ‘च’चं सांगितलं ना, ते उलटं होतं. मले ऐकताबरोबर आठवलं. ते भाजी-पोळीचं मीच तर सांगितलं होतं, तुम्ही हसल्या होत्या. तुम्ही टेन्शनमधे उलटं बोलून गेल्या. म्हणजे पेपरातही तुम्ही उलटंच लिहिणार, हे मले समजलं होतं. घंटा व्हायले वेळ होता. सांगता आलं असतं.” ती हुंदका देऊन थांबली. “सांगितलं नाही.”

“काहून?” अबोलीच्या तोंडून आपोआप गेलं.

“खरं सांगू? मनात आलं, चुकू द्या एकदा ताईचं. घरात सगळं ताईचं. टेबल ताईचं, पुस्तकं ताईची, खोली ताईची. मी विचारून विचारून बसते, परवानगीनं. वाटलं, एकदा मी पुढं जाते. मी इतकी वाईट आहे, हे मलेच माहीत नव्हतं. तुमचं वर्ष माझ्यामुळं गेलं, ताई.”

अबोलीला काय वाटायला हवं होतं? धरणी दुभंगावी असं. वाटलं मात्र काय, तर हलकं. मनावरचं मणभर ओझं कोणीतरी येऊन स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं! वल्लरीनं बरोबर लिहिलं, म्हणजे नुकसान झालं नाही. वर तीच रडते आहे, तीच माफी मागते आहे. आणि ही जळते आपल्यावर! ही, सगळ्यांची लाडकी! अबोलीच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. तिनं वल्लरीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, “होते असं कधीकधी. जाऊ दे. मी माफ केलं तुले.”

लाज नाही वाटली बाईला. त्या क्षणी तरी नाही.

वल्लरीनं तिचा हात धरून डोळ्यांना लावला. मग पदरानं नाक पुसून फोन काढला.

“कोणाले लावतं?”

“यांना. आणि आईबाबांनाही सांगते. निकाल लागला की सगळे तुमाले विचारतीन, पुन्हा कशी नापास झाली म्हणून. तुम्ही काहून ऐकून घ्यायचं? माझ्यामुळं झालं ते मी सांगते. आणि खोलीचंही सांगते. मी पास झाली तरी मले नको ती खोली.”

फोनची रिंग गेली. खोली मिळत होती. नुसतं गप्प बसायचं होतं, बस. खिडकीला डोकं टेकवून गप्प बसायचं आणि खोली आपली. पलीकडून केदारचा आवाज आला, “हॅलो, हां, कुठं पोचल्या?”

“अहो ऐका, मी ना काल...”

“ठेव तो फोन,” अबोली म्हणाली. “मी बरोबर लिहिलं.”

वल्लरीनं तिच्याकडं पाहिलं.

“कम्प्रायझिंग उघडं. तसंच लिहिलं मी. मले येत होतं. झाडाखाली बसली होती तेव्हाही येत होतं.”

फोनमधून केदार ‘हॅलो, हॅलो, आवाज नाही येऊन राह्यला’ म्हणत होता. वल्लरीच्या चेहऱ्यावरचं पाणी जिथल्या तिथं थांबलं. तिला कळायला फार वेळ लागला नाही. चार चुकांत पेपर काढणारी पोरगी ती, तिला काय कोडं घालायचं होतं? तिनं फोन कानाला लावला.

“काही नाही हो. पेपर चांगले गेले, दोघींचेही. ताईचा तर फारच चांगला गेला. ठेवते.”

तिनं फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली. अबोलीचा हात अजून तिच्या पाठीवर होता, तो तिनं उचलून अबोलीच्या मांडीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला.

“आणि माफ तुम्ही मले केलं?”

अबोलीनं मांडीवरचा हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

“मी गप बसली, ते माझं. त्याची मी मागितली,” वल्लरी म्हणाली. “आता तुमची तुम्ही मागा.”

चौतीस वर्षांत अबोलीनं घरात कोणाची माफी मागितली नव्हती. घरातली मोठी लेक, कोण मागायला लावणार होतं? तिनं इकडं तिकडं पाहिलं. समोर टोपलीवाली बाई बसली होती, पलीकडं दोन पोरं मोबाईलवर गाणी ऐकत होती. गाडीनं लांब शिट्टी दिली. त्या शिट्टीच्या आड लपून अबोली पुटपुटली, “चुकलं माझं.”

“ऐकू नाही आलं, ताई,” वल्लरी म्हणाली. “पुन्हा म्हणा.”

शिट्टी थांबली होती. अबोलीनं पुन्हा म्हटलं, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं.