अर्धी खिडकी

तिने टेपचे टोक भिंतीच्या कोपऱ्यात दाबून धरले आणि टेपची डबी थोरल्या मामाच्या हाती दिली. तो काठी काखेत मारून एकेक पाऊल मागे सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेला, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि आकडा सांगण्याऐवजी विचारले,

“त्याच्याकडं किती भरलं?”

धाकट्या मामाकडचे माप ती आधीच घेऊन आली होती. तिकडची खोली दोन बोटे जास्त रुंद होती. हे सांगितले नसते तर बरे झाले असते, पण तोंडून निघून गेले. थोरल्याने समाधानाने मान डोलावली. गवंड्याला धाकट्याने फितवलेच होते, हा त्याचा जुना संशय आज मापात सिद्ध झाला होता. पलीकडे हे पोचल्यावर धाकट्याचे उत्तर तयार होते. “त्याला सांग, आधी टेप सरळ धरायला शिक म्हणावं.”

हे घर दोघा भावांच्या वडिलांनी बांधलेले. वरचा मजला चढवायचा विषय निघाला तेव्हा जिना आतून काढायचा की बाहेरून, यावरून दोघांत वाजले. बोलता बोलता जिन्यावरून गाडी आईबापांपर्यंत गेली, कुणी कुणासाठी काय केले ते निघाले. मजला काही चढला नाही. बैठकीच्या खोलीच्या मधोमध भिंत मात्र उभी राहिली आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीच्या मधल्या उभ्या लाकडाला जाऊन टेकली. गवंडी काकुळतीला येऊन सांगत होता की भिंत हातभर इकडे घ्या नाहीतर तिकडे, खिडकी तरी अख्खी राहील. पण सरकवायची कुणाच्या बाजूला? शेवटी खिडकीची एक झडप याची झाली, एक त्याची, आणि बोलणे बंद झाले.

ती त्यांची भाची. दर सुट्टीत आजोळी यायची. एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत शिरायची, “त्याला सांग”ने सुरू होणारे निरोप पोचवायची आणि दोन्हीकडे जेवायची. माम्या तिला टपाल म्हणू लागल्या. ते नाव असे चिकटले की आता ती आर्किटेक्ट झाली, दुसऱ्यांची जुनी घरे मोडून नवी करून देऊ लागली, तरी या दोन दारांत ती टपालच होती.

माम्या आता नव्हत्या. दोघांची मुले लांब, आपापल्या संसारात. मागच्या थंडीत थोरला मामा न्हाणीघरात घसरून पडला. धाकट्याने शेजाऱ्यांना गोळा करून दार फोडले म्हणून तो वाचला. काहीतरी पडल्याचा आवाज आला, एवढेच धाकटा तेव्हा म्हणाला होता. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या मुलांनी एकच धोशा लावला, की घर विका आणि आमच्याकडे या. म्हणजे थोरला एका गावी, धाकटा दुसऱ्या. या वयात मग पुन्हा गाठ पडणे नव्हते, हे तिला स्पष्ट दिसत होते. तिने मामेभावंडांकडे गयावया करून एक संधी मागून घेतली. भिंत पाडून दोन म्हाताऱ्यांना सोयीचे असे एकच घर ती करून देणार, आणि दोघांनीही नकाशाला हो म्हटले तर घर राहणार. एकानेही नाही म्हटले तर विकायचे. हे घर गेले तर आपले लहानपण कुठल्या दाराने आत शिरणार, हेही तिच्या मनात होते. ते तिने कुणाला सांगितले नाही.

दोन दारांच्या मधल्या पायऱ्या तेवढ्या सामाईक होत्या. तिथेच तिने नकाशा पसरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून चहाचे कप ठेवले. भाऊ दोन टोकांना बसले. भिंत जाणार म्हटल्यावर दोघांनी मुकाट्याने माना डोलावल्या, जणू ती तिसऱ्याच कुणी येऊन बांधली होती. बसून काम करता येईल असा स्वयंपाकाचा ओटा, न घसरणारी फरशी, धरायला दांड्या, काढून टाकलेले उंबरे, सगळे पसंत पडले. झोपायच्या खोल्या समोरासमोर होत्या आणि दोघांच्या उशाशी एकेक बेल होती. एकाने दाबली की दुसऱ्याकडे वाजेल. बेल पाहून धाकटा मिशीतल्या मिशीत हसला.

“आणि जिना?” थोरल्याने विचारले.

जिना नव्हताच. दोघांनाही हायसे वाटलेले दिसले.

मग ती खिडकीवर आली. साऱ्या नकाशात तिला अभिमान होता तो या जागेचा. जुनी चौकट काढून तिथे भिंतभर एकच काच बसवायची होती. समोरचे झाड, रस्ता, येणारे जाणारे, सगळे जसेच्या तसे घरात येणार होते.

“खिडकी आहे ती राहू दे,” थोरला म्हणाला.

तिने आशेने धाकट्याकडे पाहिले.

“त्याला सांग, माझंही तेच म्हणणं आहे.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले होते आणि तेही नेमके तिच्याविरुद्ध. तिने परोपरीने समजावले. लाकूड किडले आहे, गज गंजलेत, बिजागऱ्या सकाळी गल्लीला जागे करतात. थोरल्याने काठी टेकली आणि उठत म्हणाला, की मग तो आपला मुलाकडे जायला मोकळा. धाकट्याने नुसता आपला कप उचलला, तसा नकाशाचा तो कोपरा गुंडाळला गेला. तिला रडू यायचे तेवढे बाकी होते. लोक नवे घर करताना एखाद्या मोडक्या वस्तूला असे कवटाळून बसतात, हे धंद्यात तिने पुष्कळ पाहिले होते. घर वाचत होते, काच गेली. तिने फुली मारली ती इतक्या जोराने की कागद फाटला.

भिंत पडायला एक दुपारही लागली नाही. इतकी वर्षे जिला वळसा घालून जगले, ती इतकी लेचीपेची होती. भाऊ पायऱ्यांवर बसून घाव ऐकत होते. धूळ बसल्यावर तिघे आत आले. खोली एकदम तिच्या लहानपणीची झाली, भिंत यायच्या आधीची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावता येईल अशी. बाकीच्या फरशीचा रंग पावलांनी कधीच पुसून गेला होता, पण भिंतीखालची पट्टी लालचुटूक राहिली होती. तिथे इतकी वर्षे कुणाचा पायच लागला नव्हता. ही पट्टी काढायची नाही, असे तिने गवंड्याला तिथल्या तिथे बजावले.

“तुझी आई इथं झोपायची,” धाकटा त्या पट्टीकडे पाहत म्हणाला. “आमच्या दोघांच्या मधे. नाहीतर आम्ही रात्रभर एकमेकांना लाथा मारायचो.”

  थोरल्याने काठीच्या टोकाने पट्टीवरचा चुना हळूहळू बाजूला केला.

घर तयार झाले तेव्हा पहिल्या रात्री ती तिथेच राहिली, बैठकीत सोफ्यावर. सकाळी जाग आली ती बिजागरीच्या कुरकुरीने. थोरल्याने गजांतून हात बाहेर काढून आपली झडप ढकलली, आकडी अडकवली आणि खुर्ची ओढून बसला. अर्ध्या खोलीत उजेड पडला. ती उठली आणि दुसरी झडप उघडायला गेली.

“राहू दे.”

“अरे, इकडं अंधार आहे मामा.”

“ती त्याची आहे. तो उघडेल.”

ती हसली. भिंतच गेली, आता तुझे माझे कसले, असे ती म्हणालीही. थोरला हसला नाही. तो बंद झडपेकडे बघत होता.

“मी पडलो ना, त्या दिवशी...”

“हो. धाकट्या मामाला आवाज आला म्हणून बरं.”

“आवाज कसला येतोय? न्हाणीघर मागच्या टोकाला. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.” त्याने काठीने आपल्या झडपेकडे दाखवले. “माझी झडप उघडली नव्हती सकाळी.”

तिचा हात आकडीवरून खाली आला. लहानपणी ती या घरात उठायची तेव्हा, ज्या बाजूला निजली असेल त्या बाजूचा मामा खिडकीशी उभा असायचा. तो रस्ता बघतोय असे तिला वाटायचे. मग पलीकडे कुरकुर व्हायची, आणि तो चहाला वळायचा.

उजेड वाढत गेला. दुसरी झडप बंदच होती. समोरच्या घरांची दारे उघडली, एक सायकल घंटी वाजवत गेली. काठीवरची थोरल्याची बोटे आवळली गेली होती. आत जाऊन बघू का, असे तिने हळूच विचारले.

“थोडं थांब,” तो म्हणाला, पण खुर्चीतून अर्धवट उठला होता.

तेवढ्यात आतून चपला घासत आल्याचा आवाज झाला. विस्कटलेल्या केसांनी धाकटा आला, कुणाकडे न बघता सरळ खिडकीशी गेला, झडप ढकलली आणि आकडी लावली. सगळी खोली उजळली. जमिनीवरची लाल पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसू लागली.

“उशीर केलास,” थोरला म्हणाला.

निरोप पोचवायला ती सवयीने धाकट्याकडे वळलीसुद्धा.

“रंगाच्या वासानं रात्रभर डोळा लागला नाही, दादा. पहाटे जरा लागला.”

थोरला मान हलवत नव्या ओट्याकडे चहा ठेवायला गेला. ओटा फारच बुटका झालाय, असे पुटपुटत धाकटा त्याच्यामागून गेला. टपाल खिडकीपाशी उभी राहिली. तिला कुणी काही सांग म्हटले नाही.