मास्तरांच्या डोक्यातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. लगेच गंजलेली पाती डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात औषधालाही लोखंड नाही. मित्रांनो, मी एका शिंपीमास्तरांच्या मेंदूत राहते आणि शास्त्रज्ञ मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात. मला आता आठवडा होत आला, म्हणजे आमच्यात मी आजीबाईच.

पेशीत जपून ठेवलेल्या नमुन्यावरून माझी घडण झाली. सुरुवातीला मी नुसतीच तरंगत असे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो. कॅल्शियमची मंद लहर आली की मी अलगद त्या पडद्याला जाऊन टेकायची आणि एक धागा कापायची. तो धागा म्हणजे मेदाम्ल. सुटला की तो पेशीचा संदेश पोचवायला निघायचा. कापल्या जागी माझी जाऊबाई, म्हणजे दुसरे विकर, नवा धागा घालायची. मी उसवायचे, तिने शिवायचे. फरक एवढाच की तिला कामाला इंधन लागते आणि मी उपाशीपोटीही कापते.

बाहेरचे जग मला दिसत नाही. ते लहरींवर तरंगत येते: कोऱ्या कापडाचा वास, खडूची रेघ, शिलाई यंत्राची घरघर आणि मास्तरांच्या मुलीचा आवाज. ती बारीक आणि टोकदार बोलणारी, म्हणून मास्तर तिला टाचणी म्हणतात. शिवण तिच्याकडे, पण कापड बेतायचे काम मास्तर कुणालाही देत नसत. "जास्त राहिलं तर कापता येतं, टाचणे. कमी पडलं तर जोडता येत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते ऐकले की मी गुंगून जायची. किती सुखाचे दिवस होते ते!

माझ्या तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाणे शिकवणाऱ्या बाईंचा कोट बेतत होते. आणि एका गुठळीने आमच्याकडचे रक्त अडले.

कॅल्शियमची लहर आली, पण ती ओसरलीच नाही. पूरच आला. मी पडद्याला चिकटले आणि कापू लागले. एक धागा, दुसरा, दहावा. जाऊबाईचे इंधन संपले, तिची सुई थांबली. मी मात्र थांबेना. मला फार भीती वाटली, पण कात्रीला नुसते कापताच येते.

तेवढ्यात टाचणीचा आवाज दुरून आला. "बाबा, अहो, दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात!"

चाळीस वर्षांत मास्तरांची बाही चुकली नव्हती. ते हसायला गेले आणि तोंड एकीकडे ओढले गेले. हातातली कात्री खाली पडली.

शेजारचे इस्त्रीवाले काका धावत आले. "चक्कर असेल गं. तासभर पडू दे त्यांना."

"काका, चक्कर आली म्हणून यांची बाही चुकायची नाही," टाचणी म्हणाली. "गाडी बोलवा आधी!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्रास केव्हा सुरू झाला?"

"अकराला कॉलर कापली, ती अगदी बरोबर आहे. पावणेबाराला बाह्या बघितल्या. म्हणजे मधल्या वेळात."

"पक्षाघात आहे, पण वेळेत आणलंत. औषध देता येईल."

औषधाने गुठळी विरघळली. हळूहळू पूर ओसरला. जाऊबाईच्या सुईला पुन्हा धागा लागला आणि मी पडद्यावरून सुटून मागे तरंगले. पण आजूबाजूच्या कित्येक पेशी विझल्या होत्या. तिथले पडदे माझ्याच बहिणींनी कापले होते. त्याचे मला अजून वाईट वाटते. मास्तरांचा उजवा हात जड झाला होता आणि शब्द तर एकही येत नव्हता. टाचणी रोज विचारायची, "बाबा, मी कोण?"

आज ती एक बाही घेऊन आली. उजवी. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः बेतलेली. तिने ती मास्तरांच्या डाव्या हातात दिली. त्यांचा अंगठा कडेवरून सावकाश फिरला. एक मंद, ओळखीची लहर माझ्यापर्यंत आली. मी पडद्याला टेकले आणि एकच धागा कापला. माझ्यासारख्या कितीजणींनी कापला असेल कोण जाणे.

"पाव इंच," मास्तर अडखळत म्हणाले, "जास्त."

टाचणी रडता रडता हसली. "असू दे, बाबा. जास्त राहिलं तर कापता येतं."

मित्रांनो, मी आता थकले आहे. उद्या माझे तुकडे होतील आणि त्यांतून दुसरे काही घडेल. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण घरात कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, शब्द अडखळले, तर "पडू दे तासभर" असे म्हणू नका. शेवटचे नीट काम त्यांनी केव्हा केले ते आठवा आणि लगेच दवाखाना गाठा. तुम्ही वाट बघत बसता तेव्हा आत कात्री चालू असते, आणि तिला आपले आपण थांबता येत नाही.