भाडेकरूचे मरण

बाजारपेठेच्या पाठीमागच्या त्या वस्तीत स्वतःच्या घरात राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे भाडेकरू. सलूनमधले कारागीर, चपलांच्या दुकानातले सेल्समन, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाया, शिकवण्या घेणारे मास्तर. भाडे परवडायचे आणि कामावर पायी जाता यायचे, म्हणून माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने संसार रेटत होती.

त्या दिवशीही सकाळ नेहमीसारखीच उजाडली. अशाच एका भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावरच्या सामाईक नळाशी बादल्यांची भांडणे, जिन्यात कोणाची तरी चप्पल हरवल्याची बोंब, आणि कोपऱ्यातल्या खोलीत टेलरबाईच्या मशीनचा खडखडाट. रेडीमेड कपड्यांच्या दुकानातून आलेल्या पॅण्टी आखूड करायच्या, शर्टांच्या बाह्या कमी करायच्या, हे तिचे काम. खिडकीखाली मशीन, भिंतीला लागून लोखंडी कॉट आणि पडद्यापलीकडे ओटा, एवढाच पसारा. नवरा सलूनला निघायच्या घाईत होता, तेवढ्यात सरकारी इस्पितळातून फोन आला.

“नानांना घरी न्या म्हणतायत,” ती म्हणाली. मशीनच्या पायडलवर तिचा पाय तसाच थांबला होता.

“बरे झाले?”

“नाही. आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले.”

नाना म्हणजे तिचे वडील. उभा जन्म त्यांनी बाजारातल्या थिएटरात काढला. अंधारात बॅटरी दाखवून प्रेक्षकांना खुर्चीपर्यंत पोहोचवायचे. थिएटर बंद पडून तिथे बुटांचे दुकान आले, तरी नाना जवळच एका भाड्याच्या खोलीत एकटे राहत. पोटाच्या दुखण्याने ते इस्पितळात गेले आणि पाठोपाठ त्यांच्या खोलीचे कुलूप बदलले. त्यांचे गाठोडे तेवढे तिथल्या मालकाने मुलीकडे पाठवून दिले.

“आणायचं कुठे पण?” नवऱ्याने विचारले.

“कुठे म्हणजे? इथे.”

नवऱ्याने उठून दार लोटले. कारण त्या वस्तीत एक रीत होती. ती कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती, तरी सगळ्यांना पाठ होती. बरा होणारा आजारी माणूस खोलीत ठेवायचा. बरा न होणारा बाहेर न्यायचा. गावी, बहिणीकडे, लॉजवर, जमेल तिथे. मेलेल्या माणसाची खोली पुन्हा कोणी भाड्याने घेत नाही, असे मालक सांगत आणि भाडेकरू मान डोलावत. टेलरबाईच्या समोरच्या खोलीत ट्रक ड्रायव्हरचे कुटुंब राही. ड्रायव्हरच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. तिची सासू अशीच अखेरच्या घटका मोजत असताना टेम्पोत घालून दूरच्या नातलगाकडे पाठवली गेली आणि वाटेतच संपली. तेव्हा कोणी अवाक्षर काढले नाही. उलट घराच्या मालकीणबाईंनी वहिनींचे चारचौघांत कौतुक केले होते, की बाई शहाणी आहे, घराला त्रास दिला नाही.

“खोली गेली तर?” नवरा म्हणाला. “बाजाराजवळ अशी दुसरी मिळायची नाही.”

“तुमचे वडील असते तर?”

कैची पिशवीत टाकून तो खाली उतरला.

ती एकटीच इस्पितळात गेली. दुपारी रिक्षा दारात थांबली, तेव्हा लोखंडी गेटला आतून कडी होती आणि कडीवर मालकीणबाईंचा हात होता. तळमजल्यावर त्या स्वतः राहत. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती.

“कुठे निघालात यांना घेऊन?”

“घरी. वडील आहेत माझे.”

“दिसतंय मला. आणि त्यांची तब्येतही दिसतेय. हे बघ, खोली मी राहायला दिलीय, मरायला नाही.”

रिक्षात मान टाकून बसलेल्या नानांनी डोळे उघडले. टेलरबाई मध्ये येऊन उभी राहिली.

“त्यांना ऐकू येतं, बाई.”

“येऊ दे. मी काय खोटं बोलतेय? बाजूला लॉज आहे, तिथे ने.”

एव्हाना जिन्यात माणसे जमली होती. तिच्या शेजारच्या खोलीत शिकवण्या घेणारे मास्तर कठड्याला रेलून म्हणाले, “समजूतदारपणा दाखवा. इथे मुलं शिकायला येतात.” आणि सगळ्यांच्या वर आवाज चढला तो वहिनींचा. “आम्ही नाही का नेलं आमच्या माणसाला? आम्हाला काय काळीज नव्हतं? हिलाच काय सोनं लागलंय!”

टेलरबाईने नवऱ्याला फोन केला होता. गळ्यात सलूनचा एप्रन तसाच घेऊन तो धापा टाकत आला. मालकीणबाईंचा चेहरा उजळला. “आलास, बरं झालं. तूच सांग हिला चार शब्द.”

तो एकदा बायकोकडे आणि एकदा सासऱ्याकडे बघत राहिला. नाना रिक्षाच्या दांड्याला घट्ट धरून, कोणाच्याही नजरेला नजर न देता बसले होते. आपण या जगात आहोत याचीच जणू त्या माणसाला लाज वाटत होती.

इतक्यात मास्तरांच्या शिकवणीची वेळ संपली. दप्तरे पाठीला लावून पोरे जिन्यावरून धडाधड खाली आली आणि गेटशी कोंडाळे झाले. त्यांना बाहेर सोडायला मालकीणबाईंना कडी काढावीच लागली. गेट उघडताच नवरा रिक्षात वाकला. त्याने नानांना पाठुंगळी घेतले आणि पोरांच्या लोंढ्यातून उलटा वाट काढत आत शिरला.

“ए! ए, थांब!” मालकीणबाई ओरडल्या.

“पडतील ते, बाजूला व्हा,” एवढेच तो म्हणाला आणि जिना चढू लागला.

खोलीत आल्यावर नानांनी कॉटकडे बघून क्षीण हसत विचारले, “माझी सीट कुठली?” तेव्हा कुठे टेलरबाईला रडू फुटले.

दुसऱ्या दिवसापासून घराने त्यांच्याशी वैर धरले. मालकीणबाईंनी दुसऱ्या मजल्याचे पाणी बंद केले. त्याचा राग त्यांच्यावर निघायला हवा होता. तो टेलरबाईवर निघाला. “हिच्या बापापायी आमचे हंडे रिकामे,” असे वहिनी तिच्या दारासमोर उभ्या राहून म्हणत. जिन्यातला दिवाही मालकीणबाईंनी काढून नेला. नाना खोकले की शेजारची दारे आपटत. रेडीमेडच्या दुकानदाराच्या कानावर कोणीतरी घातले, की बाईच्या घरात जिवावरचे दुखणे आहे. त्याने कपडे पाठवणे थांबवले. मशीनवर चादर पडली. नवरा कामावरून येताना दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन जिना चढे आणि वाटेत एकही माणूस त्याला वाट देत नसे.

नानांना सगळे कळत होते. एकदा ते म्हणाले, “मला खाली फुटपाथवर ठेव, पोरी. तुमचं बस्तान का मोडतेस?”

“बोलू नका. पाणी हवं?”

“हवं.”

ती चमच्याने पाणी पाजी. घोटाघोटाने. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेले पदराने टिपी.

एका सकाळी शेजारच्या खोलीत पोरे मोठ्याने पाढे म्हणत असताना नाना गेले. मुलीचा हात हातात होता, जावई पायाशी बसला होता. टेलरबाई बाहेर आली आणि म्हणाली, “नाना गेले.” पाढे थांबले. मग एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज आले. नानांना खाली न्यायला त्या घरातून एक खांदा मिळाला नाही. सलूनचा मालक दुकान बंद करून आला, सोबत दोन कारागीर. अंधाऱ्या अरुंद जिन्यात त्यांना चार वेळा वळावे लागले. वळणावळणावर बंद दारे होती, आणि प्रत्येक दारामागे कान.

नंतर एका दुपारी टेलरबाईच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. ती उठली नाही. आता आणखी काय ऐकायचे राहिले होते?

“कुठे झोपवलं होतं?” वहिनींनी विचारले.

“या कॉटवर.”

वहिनी आत आल्या आणि कॉटच्या कडेला बसल्या. बराच वेळ हाताने चादर सारखी करत राहिल्या.

“शेवटी पाणी मागितलं त्यांनी?”

“हो.”

“पाजलंस?”

“पाजलं.”

“आमची म्हातारी टेम्पोत पाणी मागत होती,” वहिनी म्हणाल्या. “बाटली घ्यायची राहिली होती. निघायची घाई ना. ह्यांना म्हटलं, थांबवा कुठेतरी. हे म्हणाले, पोहोचूच आता.” त्यांनी तोंडात पदर कोंबला. “तुझ्यावर ओरडत होते ना मी, तेव्हा मला तीच दिसायची गं. वाटायचं, तुझं जमलं तर मग माझं का नाही जमलं?”

टेलरबाईने त्यांना क्षमा केली की नाही, ते सांगता येत नाही. तिने फक्त चहाचे आधण ठेवले.

आठवडाभराने मालकीणबाई खोल्या दाखवणाऱ्या एजंटाला घेऊन वर आल्या. टेलरबाई मशीनवर होती. जुना दुकानदार परतला नव्हता. गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीवाल्याने दुरुस्तीचे कपडे द्यायला सुरुवात केली होती. मालकीणबाई मुद्दाम मोठ्याने बोलल्या, म्हणजे सगळा मजला ऐकेल.

“महिनाअखेर खोली रिकामी हवी. मी माझं एकटीचं सांगत नाही. इथल्या सगळ्या भाडेकरूंच्या वतीनं सांगतेय.”

“आम्ही नाही जाणार,” टेलरबाई म्हणाली. “वेळेवर भाडं देतो. माझे वडील वारले, मी गुन्हा केलेला नाही. काय करायचं ते कायद्यानं करा.”

“ऐकलंत?” मालकीणबाई मागे वळल्या. “सगळ्यांनी ऐकलंत ना?”

“माझ्या वतीनं सांगू नका,” वहिनी आपल्या दारातून म्हणाल्या. “आणि यापुढे माझ्या घरातला माणूस मी टेम्पोत घालणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

मालकीणबाईंनी आधारासाठी मास्तरांकडे पाहिले. “तुम्ही बोला, मास्तर.”

मालकीणबाईंना माणसाच्या शेवटच्या श्वासावर हक्क सांगण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिला नव्हता. जिन्यात उभे राहून मान डोलावणाऱ्यांनी तो दिला होता, आणि त्यांतले सर्वांत शिकलेले होते मास्तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या खोलीत, दाराआड, त्यांची म्हातारी आई अंथरुणावर पडून होती.

“काय रे झालं बाहेर?” तिने आतून विचारले. “कोणाला काढतायत?”

मास्तर उंबरठ्यावर उभे होते. सगळा मजला त्यांच्या उत्तराची वाट पाहत होता.