ती म्हणाली तसं

"तीन गुणांसाठी कोणी संध्याकाळच्या कॉलेजात जातं का, बाई? पुढच्या वर्षी पुन्हा द्या परीक्षा," साहेब म्हणाले. "अभ्यासाला दोन महिने रजा देतो. माझा शब्द."

साहेब म्हणजे न्यायाधीश, आणि मी त्यांची टायपिस्ट. वकिलीच्या प्रवेश परीक्षेत मोठं कॉलेज माझं तीन गुणांनी हुकलं आणि संध्याकाळच्या कॉलेजात जागा मिळाली. ती घ्यायची तर आज पाचच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवऱ्याचंही साहेबांसारखंच म्हणणं. "त्रेचाळीसची चव्वेचाळीस होशील, त्यात काय आभाळ कोसळतंय? नाव असलेल्या कॉलेजात तरी जाशील." मला ते पटलंही होतं. संध्याकाळचं कॉलेज म्हणजे रोज पाचला कोर्टातून निघणं आलं, आणि साहेबांचं काम साडेसहापर्यंत चालतं, हे मात्र कोणी बोललं नाही. मीही नाही. "बरं, साहेब," म्हणून मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले.

आमच्याकडे साक्षीदार बोलतो, साहेब ते ऐकून आपल्या शब्दांत सांगतात, आणि मी साहेबांचे शब्द टाईप करते. साक्षीदाराचे नव्हे. एकोणीस वर्षं हेच चाललंय.

दुपारी इमारतींचे जिने पुसणारी एक बाई साक्षीला उभी राहिली. साठीची असेल. खटला तिच्या मुकादमावर होता.

"सुट्टी मागितली म्हणून लाथ मारली यानं," तिनं पोटावर हात ठेवला. "इथं, पोटात. मी पडले तर वरून म्हणतो, नाटकं करू नकोस."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "लिहा बाई. 'सुट्टीवरून आरोपीशी माझी बाचाबाची झाली. त्यात माझा तोल गेला.'"

तोल गेला! बोटांनी सवयीनं टाईप करून टाकलं आणि मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, लाथ कुठे गेली? भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत, एक अख्खी लाथ गायब! मुकादमाचा वकील मान खाली घालून हसत होता. त्याला आयतंच मिळालं होतं.

साहेबांवर चिडले होतेच, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त स्वतःवर चिडले. एकोणीस वर्षांत अशा किती लाथा या हातांनी गाळल्या असतील? आणि मोठ्या कॉलेजच्या नावापायी मी अजून एक वर्ष तेच करायला तयार झाले होते. वर दोन महिने रजेचं बक्षीस!

कागद छापून झाला. बाई अंगठा द्यायला माझ्या टेबलाशी आली. शाईच्या डबीत अंगठा बुडवून तिनं विचारलं, "मी म्हणाले तेच लिहिलंय ना, बाई?"

सगळेच विचारतात. मी सगळ्यांना "हो, लावा" म्हणते.

"नाही," मी म्हणाले. "लाथ लिहिलेली नाही. तुमचा तोल गेला असं लिहिलंय."

"बाई!" साहेब कडाडले. "मी सांगेन ते टाईप करायचं, एवढंच तुमचं काम आहे."

"ती लाथ म्हणाली, साहेब. मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय."

"पुढच्या वर्षीची रजा विसरा आता."

"विसरले. पुढच्या वर्षी परीक्षाच द्यायची नाही मला. आज लवकर जायचंय. परवानगी दिलीत तर बरं, नाहीतर तशीच जाते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायाला म्हणाले, "दुसऱ्या टायपिस्टला बोलाव."

सव्वाचार वाजले होते. खणातून कागदपत्रांची पिशवी काढली. उद्या मेमो येणार हे दिसतच होतं. बाई तिथेच उभी होती, शाईचा अंगठा कपड्यांपासून लांब धरून.

"ती नवी बाई लिहील का लाथ?" तिनं हळूच विचारलं.

"ते नाही सांगता येणार, मावशी. पण तिच्याकडून सगळं वाचून घ्या. त्यात लाथ नसेल तर अंगठा लावू नका."

तिनं मान हलवली. शाईचा अंगठा मुठीत घट्ट मिटला आणि ती साहेबांकडे तोंड करून उभी राहिली.